दिवा लागतो तो क्षण

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. या गाड्यांचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, कानानं लावणारे मिस्त्री आता काय करत असतील, या विचारानं मी दादरच्या एका गल्लीतल्या गॅरेजात गेलो. हौशी मालकाची एक पद्मिनी बॉनेट उघडून उभी होती.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बनू लागली. पुढं तिचीच पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, ठिणगीचा क्रम १-३-४-२.

ठिणगी पडली की पेट्रोल एका झटक्यात भडकतं, असं मला वाटायचं. तसं नसतं, जाळ पसरायला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक पाच अंशही फिरत नाही. ३००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. हाच ॲडव्हान्स. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. फिरता फिरता ती बाहेर फेकली जातात, दोन बारीक स्प्रिंगा त्यांना आवरतात. बोटाच्या पेराएवढ्या त्या स्प्रिंगांवरून माझी नजर हटेना.

तिथल्या मिस्त्रींनी आधी डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटच्या, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्काच्या, फटीत फीलर गेजची पाती सरकवली. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंगही सरकतं, म्हणून पहिला मान फटीचा. मग टॉप गिअर टाकून गाडी इंचाइंचानं पुढं ढकलली. क्रँकच्या पुलीवरची खूण ठरल्या जागेच्या थोडी पुढं गेली, तर ती नुसती मागं घेऊन चालत नाही. बरंच मागं जाऊन पुन्हा पुढूनच यायचं, नाहीतर दात्यांमधला खेळ मापात शिरतो. पॉइंटला टेस्ट लॅम्प लावून त्यांनी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. दिवा लागला, म्हणजे पॉइंट त्याच क्षणी उघडले. नट आवळला, आणि टायमिंग पुन्हा तपासलं, कारण आवळतानाही डिस्ट्रिब्युटर सरकतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे इथली एका अंशाची चूक तिथं दोन अंशांची होते.

पण खरी परीक्षा चढावर. टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा, नॉकिंगची, म्हणजे ठिणगी फार आधी पडल्याची, पुसट किणकिण ऐकू आली की टायमिंग किंचित मागं घ्यायचं. हे माप कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या इंजिनाच्या आजच्या अवस्थेला धरून असायचं. आता मिसळलेल्या इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढलाय. किणकिण उशिरा येते, कधी येतच नाही, आणि कानाचा आधारच जातो. ॲडव्हान्स जास्त झाला, तरी इंजिन ओरडून सांगत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

त्यात झीज. पॉइंटची टाच घासते, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते. डिस्ट्रिब्युटरचा दांडा बुशमध्ये सैल झाला, तर प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं. तिथं टेस्ट लॅम्पवर लावलेला अंश टिकत नाही. आणि ढिली पडलेली स्प्रिंग वजनांना लवकर सोडते: उभ्या गाडीत सगळं बरोबर, रस्त्यावर मात्र ॲडव्हान्स नको तितका पुढं.

मिस्त्रींनी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला. आत भंगारातून सोडवलेल्या स्प्रिंगा होत्या. एकेक दोन बोटांत ताणून ते जोडी लावत बसले. अर्ध्या तासात एकच जुळली.