१९० किलो पाणी घरी न्यायचं की सोडायचं?

ट्रिपला निघताना काय काय घ्यायचं, याच्या याद्या आपण किती हौसेने करतो! चार्जर, सनस्क्रीन, चिवडा, डोकेदुखीच्या गोळ्या. परतीची यादी मात्र कोणी करत नाही. मळके कपडे बॅगेत कोंबायचे, उरलेला चिवडा संपवायचा आणि निघायचं. पण तुमची ट्रिप आरव्हीतून असेल, म्हणजे अमेरिकेत फेमस असलेल्या त्या चाकांवरच्या घरातून, तर परतीच्या यादीत पहिल्या नंबरवर एक आयटम येतो. पाणी. पिण्याचं, स्वच्छ, टाकीत उरलेलं पाणी. ते घेऊन निघायचं की तिथेच सोडून द्यायचं?

प्रश्न फालतू वाटत असेल, तर एवढंच सांगते की याच प्रश्नावर आमच्या घरातली माणसं युटामधल्या झायन नॅशनल पार्कात सकाळी सात वाजता पाऊण तास भांडली आहेत. तेही मराठीत, आजूबाजूचे गोरे शेजारी कॉफी पीत बघत असताना.

आमची टीम अशी. माझा आतेभाऊ, म्हणजे दादा. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. वहिनी. आठ वर्षांची भाची. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आत्या. आणि मी. दादाकडे पिकअप ट्रक आहे आणि त्याच्यामागे जोडायचा पंचवीस फुटी सेकंडहॅण्ड ट्रेलर. ऑक्टोबरअखेरचे दिवस, लाल डोंगर, पिवळी पडलेली कॉटनवूडची झाडं, रात्री मस्त थंडी. अजून दोन दिवस राहायचं म्हणून दादाने आदल्या संध्याकाळीच टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. आणि मग रात्री वेदर अ‍ॅपने कळवलं की मोहावे वाळवंटात परवापासून सोसाट्याचा वारा सुटणार. म्हणजे वाऱ्याच्या आधी निघा. म्हणजे उद्याच. टाकी फुल्ल.

तीन टाक्यांचं घर

ज्यांनी आरव्ही फक्त सिनेमात पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. या घराच्या पोटात साधारण तीन टाक्या असतात. एक ‘फ्रेश’, म्हणजे चांगल्या पाण्याची. दुसरी ‘ग्रे’, त्यात सिंक आणि शॉवरचं सांडपाणी जातं. तिसरी ‘ब्लॅक’. तिच्यात काय जातं ते नाश्ता करताना वाचत असाल तर सांगत नाही. ग्रे आणि ब्लॅक टाक्या डम्प स्टेशनवर जाऊन रिकाम्या करायच्या, आधी ब्लॅक आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. याबद्दल दुमत नाही. घाण घरी कोण नेणार? भांडण असतं ते फ्रेश टाकीवर, कारण त्यातलं पाणी टाकण्यासारखं नसतं.

दादाच्या ट्रेलरची फ्रेश टाकी ५० गॅलनची. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, म्हणजे टाकीत झाले १८९ लिटर. आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपण पाचवीत शिकलोय. थोडक्यात, तीन धडधाकट माणसं ट्रेलरमध्ये झोपवून निघाल्यासारखं. (खरी माणसं झोपवता येत नाहीत. चालत्या ट्रेलरमध्ये प्रवासी बसवायला कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी आहे. आम्ही सगळे पुढे पिकअपमध्ये, दाटीवाटीने.)

हे वजन किती महत्त्वाचं, ते अमेरिकन सरकारलाही ठाऊक आहे. तिथल्या नियमाप्रमाणे प्रत्येक नव्या आरव्ही ट्रेलरवर एक स्टिकर लावावा लागतो. त्यावर लिहिलेलं असतं की एकूण एवढाच माल भरा, आणि टाकीभर पाणी म्हणजे त्या मालातले इतके किलो गेले असं समजा. म्हणजे पाणी हे सामानच. बॅगा, खुर्च्या, कुकर, आत्याने आणलेलं मेतकूट, या सगळ्यांच्या रांगेत.

“चांगलं पाणी ओततोस?”

दादाने ट्रेलरखाली वाकून टाकीच्या ड्रेन व्हॉल्व्हला हात घातला आणि आत्या दारात येऊन उभी राहिली.

“अरे, काय करतोयस?”

“पाणी सोडतोय, आई. एवढं वजन घेऊन घाट नको उतरायला.”

“चांगलं प्यायचं पाणी वाळवंटात ओततोस? घरी ने. झाडांना घाल.”

आत्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही ज्या भागात होतो, तिथे पाणी ही खरोखरच चेष्टेची गोष्ट नाही. आमच्या परतीच्या वाटेवर लास व्हेगास, आणि त्याच्या शेजारी हूव्हर धरणाचा लेक मीड. १९३० च्या दशकात हा जलाशय पहिल्यांदा भरला, त्यानंतरची सगळ्यात खालची पातळी त्याने जुलै २०२२ मध्ये गाठली. पाणी उतरलं आणि काठच्या खडकांवर पांढरा पट्टा उघडा पडला. बादलीत क्षाराच्या पाण्याची रेघ राहते ना, तशीच, फक्त डोंगराएवढी. येताना आत्याने तो पाहिला होता. त्यानंतर ती दात घासतानाही नळ बंद करायला लागली.

खरं तर ट्रेलरमध्ये पाणी वाचवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आरव्हीवाले लोक एकमेकांना शिकवतात की अंग भिजवा, शॉवर बंद, साबण लावा, मग शॉवर चालू. त्याला ‘नेव्ही शॉवर’ म्हणतात म्हणे. आत्याने पहिल्याच दिवशी वहिनीकडून छोटी बादली आणि मग मागून घेतला आणि सात-आठ लिटरमध्ये आंघोळ आटपली. नेव्ही गेली उडत!

पण मी तिला एक आठवण करून दिली. “आत्या, पुण्यात तू रोज सकाळी काय करतेस? नळ आला की कालचं शिळं पाणी ओतून देतेस आणि हंडा नव्याने भरतेस.”

“ते वेगळं. ते शिळं असतं.”

“हे पण घरी जाऊन शिळंच होणार,” वहिनी आतून म्हणाली. “आई, पुढची ट्रिप थेट मार्चमध्ये आहे. चार महिने हे पाणी टाकीत ठेवलं तर तुम्ही त्यात भांडी तरी घासाल का?”

आत्या गप्प झाली. शिळ्या पाण्याच्या युक्तिवादापुढे पुणेकर माणूस काय बोलणार? आणि वहिनीचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. बंद प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहिलं, की त्यातला क्लोरिन उडतो, आतून बुळबुळीत थर धरतो, वास मारायला लागतो. म्हणून सीझनच्या सुरुवातीला टाकी ब्लीचने धुतात. साधारण प्रमाण दर १५ गॅलनला पाव कप, बिनवासाचं साधं घरगुती ब्लीच. ते पाणी सगळ्या नळांतून खेळवायचं, काही तास तसंच ठेवायचं आणि मग वास जाईपर्यंत खळखळून धुवायचं. शिवाय थंड प्रदेशात राहणाऱ्यांना तर पर्यायच नाही. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं, आणि पाइप, पंप, फिटिंग सगळं फुटतं. कोलोरॅडो किंवा मिनेसोटातली मंडळी हिवाळ्याआधी टाकी, हीटर, पाइप सगळं सुकवतात आणि पाइपांमध्ये गुलाबी रंगाचं खास अँटिफ्रीझ भरतात.

वजन किती, यापेक्षा वजन कुठे

आता ‘पेट्रोल वाचतं’ हे कारण. सगळे सांगतात, मला फारसं पटलं नाही. भरलेला ट्रेलर पावणेतीन टनांचा, त्यात १९० किलो कमी झाल्याने गाडी अचानक अ‍ॅव्हरेज द्यायला लागत नाही. खरं कारण आहे ते ब्रेक आणि वारा.

ट्रेलरचं पुढचं टोक पिकअपच्या हिचवर टेकलेलं असतं. त्या टोकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पडायला हवा. त्याला टंग वेट म्हणतात. तो कमी झाला, म्हणजे मागची बाजू जड झाली, की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. बाजूने वारा, शेजारून सुसाट गेलेला ट्रक किंवा उतारावरचा स्पीड, यातलं काहीही पुरतं. डुलणं एकदा वाढलं, की पुढची गाडीही सोबत खेचली जाते. अमेरिकन हायवेवर आडव्या पडलेल्या ट्रेलरचे फोटो बघितलेत ना? त्यातल्या पुष्कळ गोष्टींची सुरुवात अशीच झालेली असते.

म्हणून ‘टाकी रिकामी करा’ हा नियम डोळे झाकून पाळायचा नाही, आधी टाकी कुठे आहे ते बघायचं. ती चाकांच्या मागे असेल, तर भरलेलं पाणी पुढचं टोक वर उचलतं. अशा वेळी पाणी सोडणं फायद्याचं. ती चाकांच्या पुढे असेल, तर पाणी सोडल्यावर टंग वेट उलट कमी होतं, आणि मग सामान पुढे सरकवावं लागतं. टाकी बरोबर चाकांवर असेल, तर फक्त एकूण वजनाचा विचार. दादा इंजिनीअर असल्यामुळे (आणि दादा असल्यामुळे) त्याने ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर दोनदा जाऊन हे मोजून ठेवलं होतं, एकदा टाकी भरून आणि एकदा रिकामी. त्याची टाकी चाकांच्या मागे. भरल्यावर पुढचा भार शंभरेक पाउंडांनी कमी होतो. त्यात अर्धवट भरलेली टाकी म्हणजे वळणावर आतल्या आत हिंदकळणारं पाणी. आणि आमच्या वाटेवर होती व्हर्जिन रिव्हर गॉर्जची उताराची वळणं आणि पुढे तेहाचापीची खिंड, जिथे वाऱ्याची ख्याती एवढी की डोंगरभर पवनचक्क्या उभ्या केल्यात.

हे सगळं त्याने आत्याला हातवारे करून समजावलं. आत्याने एकच प्रश्न विचारला. “मग वाटेत बाथरूमचं काय?”

मुद्दा बिनतोड! हायवेवरच्या रेस्ट एरियात थांबून आत्या आपल्याच ट्रेलरमधली बाथरूम वापरते, आणि फ्लशला पाणी लागतं. म्हणजे टाकी ठणठणीत कोरडी करणंही चुकीचंच. शिवाय वाळवंटात गाडी बंद पडली तर? तिथल्या नॅशनल पार्कांचा सल्ला आहे, माणशी रोज किमान एक गॅलन पाणी. आम्ही पाच जण, म्हणजे पाच गॅलन, ते वेगळ्या कॅनमध्ये, पुढे पिकअपमध्ये, हाताशी.

शेवटी तोडगा वहिनीने काढला. सोडायचं नाही, वापरायचं. सगळ्यांनी आंघोळी केल्या, आज चक्क शॉवरने. कुकरसकट सगळी भांडी घासली. ब्लॅक टाकीत बादल्या ओतून ती विसळायची तयारी केली. शेजारच्या साइटवरचं एक म्हातारं जोडपं आणखी चार दिवस राहणार होतं आणि त्यांना नळापर्यंत कॅन वाहून नेण्याचा कंटाळा. त्यांचे दोन कॅन आम्ही भरून दिले. (पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप वेगळा, सांडपाण्याचा वेगळा. हे दोन कधीही एकत्र ठेवायचे नाहीत, प्लीज!) वीसेक लिटर टाकीत राहू दिलं. उरलं अंदाजे तीस लिटर. पाणी चांगलं असलं तरी ते कुठेही सोडून चालत नाही. चिखल होतो, शेजाऱ्याच्या तंबूत जातं, आणि काही कॅम्पग्राऊंडवर तशी परवानगीच नसते. कॅम्पग्राऊंडवरच्या बाईंना विचारलं, त्यांनी जागा दाखवली, तिथे सोडलं. आत्या तेवढा वेळ आत जाऊन बसली.

निघण्याआधी डम्प स्टेशन. तिथली पंधरा मिनिटं मी डिटेलमध्ये सांगणार नाही.

तेहाचापीला आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि वारा ठरल्या वेळेच्या आधीच सुटला होता. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. दादा पन्नासनेच चालला होता. एका ट्रकने ओव्हरटेक केलं आणि मागून एक धक्का जाणवला, एकदाच, जसं कोणी शर्ट ओढावा. दादाने स्टिअरिंग घट्ट धरलं, स्पीड हळूहळू कमी केला. ट्रेलर सरळ झाला. गाडीत कोणी काही बोललं नाही. भाची झोपली होती. थोड्या वेळाने आत्याने मागून लिमलेटची गोळी पुढे केली.

आपल्याकडेही हे प्रकरण आता फार लांबचं राहिलेलं नाही. केरळने आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी धोरणं आणली. कॅम्परव्हॅन भाड्याने घेणार असाल, तर एसी आणि टीव्हीच्या आधी विचारा की टाकी किती लिटरची आणि ती गाडीत कुठे बसवली आहे. ताम्हिणी घाट उतरताना एक लिटरचं वजन एक किलोच भरतं. आणि शक्य असेल तर शेवटच्या दिवशी टाकी पुन्हा भरूच नका, म्हणजे सोडण्याचा प्रश्नच येत नाही.

घरी पोचल्यावर टाकीतलं उरलेलं पाणी आत्याने स्वतः बादलीत काढून मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याला घातलं. दादाने हीटर पूर्ण गार झाल्याची खात्री करून त्याचाही प्लग उघडला. (गरम असताना उघडाल तर उकळतं पाणी अंगावर येईल.) पाइपांचे खालचे व्हॉल्व्ह रात्रभर उघडे ठेवले. सकाळी सगळे बंद केले. वहिनीने टाकी भरायच्या तोंडाशी चिकटपट्टीने एक चिठ्ठी डकवली, मार्चसाठी: ‘आधी ब्लीच. भरण्यापूर्वी खालचा व्हॉल्व्ह बंद आहे का बघणे.’ त्याखाली आत्याच्या अक्षरात, ‘अर्धीच भरणे.’