ब्रिटनला निघालेल्या सिस्टर आणि पॅलिएटिव्ह केअर : गैरसमज व वस्तुस्थिती

भारतातून ब्रिटनच्या एनएचएसमध्ये रुजू होणाऱ्या नर्सेसपैकी अनेकींच्या वाट्याला बरे न होणारे रुग्णही येतात. त्यांच्या शुश्रूषेचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं, प्रशिक्षण तिथे मिळतं. त्याविषयी निघण्याआधीच बरंच काही कानावर पडतं. त्यातलं खरं किती?

गैरसमज : तिकडे नर्सिंग पुन्हा पहिल्यापासून शिकवतात.

वस्तुस्थिती : नोंदणीसाठी संगणकावरची सीबीटी आणि प्रात्यक्षिकाची ऑस्की या परीक्षा असतात. त्या पास झालेल्या सिस्टरच्या हाताला वळण असतंच. नवं असतं ते निर्णय कोणाचा, हे समजून घेणं. आपल्याकडे ‘पेशंटला कळू देऊ नका’ असं घरचेच बजावतात. इंग्लंडमध्ये मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट, २००५ नुसार, उलट सिद्ध होईपर्यंत रुग्ण स्वतःचे निर्णय घ्यायला सक्षमच मानला जातो. अशा रुग्णाची ना असेल, तर मुलालाही आजाराची माहिती देता येत नाही.

गैरसमज : आयईएलटीएसला सात बँड पडले, आता बोलण्याची चिंता नाही.

वस्तुस्थिती : ‘सिस्टर, मी यातून उठणार नाही ना?’ असं कुणी विचारलं, की ‘छे हो, असं बोलू नये’ हे उत्तर आपल्या तोंडात बसलेलं असतं. रोल-प्लेमध्ये ही सवय मोडायला शिकवतात. खुर्ची ओढून बसायचं, ‘असं का वाटतंय तुम्हाला?’ एवढंच विचारायचं आणि ऐकायचं. खोटा धीर दिला, की रुग्ण पुढचं बोलतच नाही.

गैरसमज : मॉर्फिन सुरू झालं, की माणूस लवकर जातो.

वस्तुस्थिती : वेदनेच्या मानाने लहान डोसने सुरू करून बेताने वाढवलेलं मॉर्फिन मरण ओढवून आणत नाही. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर भारतात मॉर्फिन मिळणं फार अवघड झालं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी अनेक सिस्टरनी ते फारसं हाताळलेलंच नसतं. भीतीचं मूळ इथे आहे. ब्रिटनमध्ये गोळी गिळवेनाशी झाली, की बहुधा सिरिंज ड्रायव्हर लावतात. बारीक सुईतून त्वचेखाली २४ तास औषध जात राहतं. सुईच्या जागी लाली-सूज आहे का, औषध गढूळ झालंय का, बॅटरी किती उरली, हे ठरलेल्या वेळांना पाहून नोंदवायचं. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषधही जोडीला लागतं.

गैरसमज : फाइलवर ‘डीएनएसीपीआर’ असलं, की उपचार संपले.

वस्तुस्थिती : हृदय बंद पडल्यावर सीपीआर द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, वेदनाशामक गरजेप्रमाणे चालूच राहतात. हा निर्णय घेताना, अपवाद वगळता, रुग्णाशी बोललंच पाहिजे, असं तिथल्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये ट्रेसी खटल्यात स्पष्ट केलं.

गैरसमज : शेवटी सलाइन लावलं नाही, तर रुग्ण उपाशी मरतो.

वस्तुस्थिती : अखेरच्या दिवसांत शरीरच थांबत आलेलं असतं, म्हणून तहान-भूक मंदावते. सलाइन सर्वांना सरसकट देत नाहीत आणि सरसकट नाकारतही नाहीत. फायदा-तोटा पाहून ठरवतात. रुग्णाने पाणी मागितलं आणि त्याला गिळता येत असेल, तर घोटभर द्यायचं. तोंड कोरडं पडू नये म्हणून मऊ ब्रशने ओठ-जीभ वरचेवर ओली करायची. हे नातेवाइकांनाही शिकवता येतं. आईच्या तोंडात पाणी घालायला मुलगा लागतो, हे मुंबई-कोल्हापूरकडच्या सिस्टरला वेगळं सांगावं लागत नाही. प्रशिक्षणात नवं शिकताना ही जाण मागे टाकायची नसते. तिथल्या कुटुंबांनाही तिचा आधारच होतो.