पूडलचे जपानी बारसे

समजा, तुमच्या घरी पूडल जातीचे पिल्लू आले आहे. कुरळ्या केसांचे, मोठे झाले तरी तीन-चार किलोंच्या आसपासच राहणारे. मोती, वाघ्या, राजा ही नावे आळीत आधीच वाटली गेली आहेत, आणि धाकट्या बहिणीचा हट्ट आहे की नाव जपानीच हवे. नागभीडला राहून जपानी नाव कशाला, असे आजोबा म्हणतील. पण पूडल तरी कोठे नागभीडचा आहे? त्याचे नाव जर्मन भाषेतील ‘पाण्यात डुंबणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आले. शिकाऱ्याने मारलेली बदके पाण्यातून आणून देणे हा त्याचा मूळचा धंदा. फ्रेंच लोक त्याला ‘कानिश’ म्हणतात, आणि त्यातही बदक दडलेले आहे. आज जपानमध्ये नोंदणी होणाऱ्या कुत्र्यांत पूडल गेली अनेक वर्षे पहिला आहे. तेव्हा बहिणीचा हट्ट अगदीच अस्थानी नाही.

पण नाव ठेवण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्या. माणसाचे नाव हजेरीपटासाठी असते, कुत्र्याचे नाव हाक मारण्यासाठी असते. आपल्या भागात त्या हाकेवर बरेच काही अवलंबून आहे. ब्रह्मपुरी वनविभागातील वाघ आणि बिबटे अभयारण्याची हद्द पाहून फिरत नाहीत, ते धानाच्या बांध्यांपर्यंत येतात. बिबट्याला कुत्रे फार प्रिय. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले (जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथील बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१६ साली छापून आलेल्या त्या निबंधानुसार बिबट्यांच्या आहारात वजनाच्या मानाने ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा होता. दिवेलागणीला परसाच्या कुंपणापलीकडे गेलेले तीन किलोचे पूडल पहिल्या हाकेला परत आले पाहिजे. मग ही हाक किती लांब जाते आणि कुत्र्याला तिच्यातले काय ऐकू येते, याचा विचार नको का करायला?

माणसाचा कान दर सेकंदास सुमारे २० ते २०,००० कंपने, म्हणजे २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ऐकतो. कुत्र्याची मर्यादा सुमारे ६७ ते ४५,००० हर्ट्झ आहे. ही मोजणी हेफनर या संशोधकाने १९८३ साली प्रसिद्ध केली. तीत इवल्याशा चिवावापासून ४५ किलोच्या सेंट बर्नार्डपर्यंतची कुत्री होती, आणि मौज अशी की देह लहान म्हणून ऐकण्याची वरची मर्यादा वाढलेली दिसली नाही. कुत्र्याचा कान सर्वांत तिखट असतो तो सुमारे ४,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. आपले ‘स’, ‘श’, ‘च’ उच्चारताना जो सूंकार निघतो, त्याची बरीचशी ऊर्जा याच भागात असते. म्हणजे ‘सोरा’ (आकाश) किंवा ‘शिरो’ (पांढरा) ही नावे उत्तम, असे तुम्ही म्हणाल. ओसरीवर बसून हाक मारायची असेल तर खरेच उत्तम.

लांबच्या हाकेचे गणित मात्र वेगळे आहे. अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते, म्हणजेच पातळी ६ डेसिबेलने उतरते. तुमची हाक तोंडापासून १ मीटरवर ८४ डेसिबेल धरली, तर ६४ मीटरवर सहा दुपटी होऊन ती ४८ वर येते. हा कर सर्व ध्वनींना सारखाच. पण हवा स्वतःही ध्वनी शोषते, आणि येथे पक्षपात आहे. तापमान २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ७० टक्के असता ५०० हर्ट्झचा ध्वनी शोषणामुळे दर किलोमीटरला सुमारे ३ डेसिबेल गमावतो, तर ८,००० हर्ट्झचा सुमारे ७७! दोनशे मीटरवर पहिल्याचे अर्धा-पाऊण डेसिबेल जाते, दुसऱ्याचे पंधराच्या वर. शिवाय व्यंजने मुळातच स्वरांपेक्षा दुबळी. म्हणून शेताच्या त्या टोकाला ‘सोरा’तला ‘स’ पोहोचतच नाही, आणि ‘कोको’ व ‘मोमो’ ही दोन्ही नावे नुसती ‘ओ-ओ’ होऊन जातात. आपले गुराखी लांबच्या हाकेत स्वर का ताणतात, हे आता कळले ना?

वेळेचाही परिणाम होतो. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा उष्ण असते. उष्ण हवेत ध्वनीचा वेग जास्त (१५ अंशांस सेकंदाला सुमारे ३४० मीटर, ४५ अंशांस सुमारे ३५८), त्यामुळे हाकेची लहर वर वळते आणि थोड्या अंतरावर ‘ध्वनीची सावली’ पडते. सूर्यास्तानंतर उलट घडते: जमिनीलगतची हवा आधी थंड होते, लहर खाली वाकते, आणि घोडाझरी तलावाकाठी पलीकडच्या माणसाचे बोलणे या काठावर ऐकू येते. बिबट्याच्या वेळेला निदान पदार्थविज्ञान तुमच्या बाजूचे आहे. (दुपारी ४५ अंशांत कुरळ्या केसांच्या कुत्र्याला बाहेर सोडूच नये, हे वेगळे सांगायला नको.)

आता कुत्र्याच्या मेंदूकडे वळू. मेरीलँड विद्यापीठात २०१९ साली एक प्रयोग झाला. अनेक माणसांच्या बोलण्याचा गलका चालू असताना कुत्र्यांना त्यांचे नाव ऐकवले. नाव आणि गलका सारख्याच मोठ्या आवाजाचे असतानाही त्यांनी आपले नाव ओळखले. त्याच वर्षी तोक्योच्या सोफिया विद्यापीठातील सायतो यांनी मांजरेही आपले नाव ओळखतात हे दाखवले. ती आली नाहीत तर तो न ऐकण्याचा दोष नव्हे, स्वभावाचा! याच्या उलट बाजू बुडापेस्टला २०२० साली दिसली. तेथे कुत्र्यांच्या डोक्यावर विद्युत्‌अग्रे चिकटवून मेंदूतील लहरी नोंदवल्या. ओळखीचा शब्द आणि अगदी निराळा निरर्थक शब्द यांना मेंदूने वेगवेगळा प्रतिसाद दिला. पण ओळखीच्या शब्दात एकच वर्ण बदलला, तर फरक आढळला नाही. म्हणजे घरात दिवसभर उच्चारल्या जाणाऱ्या एखाद्या शब्दापासून एकाच वर्णाने दूर असलेले नाव ठेवणे धोक्याचे.

येथेच जपानी नावांची खरी गंमत सुरू होते. जपानी शब्द बहुधा स्वरान्त, दोन-तीन अक्षरांचे, अगदी मराठी तोंडात बसणारे. आणि म्हणूनच ते मराठी शब्दांवर जाऊन आदळतात. ‘मोरी’ म्हणजे जपानीत अरण्य. आपल्याकडे मोरी कोठे असते ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘काकी’ हे एक गोड फळ, पण परसात उभे राहून ‘काकी, काकी’ ओरडलात तर शेजारच्या काकी ओ देतील. ‘कावा’ म्हणजे नदी, ‘बाका’ म्हणजे मूर्ख. ‘नेको’ म्हणजे मांजर, आणि ते ‘नको’पासून एका मात्रेवर आहे. सर्वांत भयंकर नाव ‘हाना’, म्हणजे फूल. जपानमध्ये ते कुत्रीचे लाडके नाव आहे. पण आमच्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो. संध्याकाळी रस्त्यावर ‘हाना! हाना!’ अशी आरोळी उठली, तर चार माणसे काठ्या घेऊन धावतील आणि बिचाऱ्या कुत्र्याचे काय होईल ते सांगवत नाही.

‘युकी’ म्हणजे बर्फ. नागभीडच्या मे महिन्यात हे नाव निदान ऐकायला गार वाटेल. त्यातला ‘की’ जपानीत ऱ्हस्व आहे, आपण तो दीर्घ लिहितो, कारण शब्दाच्या अंती येणारे इकार-उकार दीर्घ लिहिण्याचा आपला नियम. जपानीत मात्र ही मात्रा मोजून-मापून घेतात: ‘यु’ लांबवून ‘युउकी’ म्हटले की बर्फाचे धैर्य होते. मात्रावृत्ते शिकलेल्या मुलांना हे समजायला जड जाऊ नये.

खरे म्हणजे जपानी अक्षरमालाच तुम्हाला परकी वाटणार नाही. तिचा क्रम असा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आता आपली वर्णमाला मनात म्हणून पाहा: क, च, त, न, प, म, य, र, व. ही जुळणी योगायोगाची नव्हे. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत उच्चारशास्त्र आणि सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानला गेली. ८०६ साली चीनहून परतलेला कुकाई हा त्यांतला प्रसिद्ध आचार्य. पुढे त्या अभ्यासातून ही मांडणी तयार झाली. ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’ का, असे विचाराल. जुन्या जपानीत त्या जागचे उच्चार ‘च’ किंवा ‘त्स’ यांच्या जवळचे आणि ‘प’ असेच होते, ते नंतर घसरले. त्याचा पुरावा लिपीतच शिल्लक आहे. ‘का’वर दोन टिंबे दिली की ‘गा’ होतो, ‘ता’वर दिली की ‘दा’, आणि ‘हा’वर दिली की... ‘बा’! आपल्या हिशेबाने ‘ब’ हा ‘प’चा घोष जोडीदार, ‘ह’चा नव्हे.

हे ध्यानात ठेवून ‘हाची’ या नावाकडे पाहा. हाची म्हणजे आठ. तोक्योच्या शिबुया स्थानकावर प्राध्यापक उएनो यांची रोज वाट पाहणारा अकिता जातीचा हाची तुम्ही ऐकला असेल. मालक २१ मे १९२५ रोजी कामावर असतानाच वारले, आणि हाची ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत स्थानकावर येत राहिला. पण जपानीत ‘हाची’ म्हणजे मधमाशीही, आणि वाडगाही. हा वाडगा म्हणजे भिक्षूचे भिक्षापात्र. संस्कृत ‘पात्र’ चिनी भाषेत गेले, तेथून जपानला पोहोचले, आणि ‘प’चा ‘ह’ होऊन त्याची ‘हाची’ झाली. म्हणजे कुत्र्याला हाची म्हटले काय अन् पात्र म्हटले काय!

हाकेच्या दृष्टीनेही हे नाव चांगले आहे. ‘आ’ आणि ‘ई’ हे स्वर एकमेकांपासून खूप वेगळे, म्हणून लांबवरही ‘आ-ई’ असा भेद टिकतो, आणि जवळ असताना ‘च’ कुत्र्याच्या कानाला टोचतो. दुसरे माझ्या पसंतीचे नाव ‘ताके’, म्हणजे बांबू. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुत्र्याला याहून शोभणारे नाव कोणते? घरी ताक रोज होत असेल तर मात्र जपून.

निवड करण्यापूर्वी एक प्रयोग करा. मित्राला मोकळ्या मैदानात ५०, १०० व २०० पावलांवर पाठ करून उभे करा. पाच नावे उलटसुलट क्रमाने, सारख्याच जोराने हाका मारून म्हणा आणि त्याला ऐकू आले ते वहीत लिहू द्या. एकदा भर दुपारी आणि एकदा सूर्यास्तानंतर करा. कोणत्या नावांची कोणाशी गल्लत होते त्याचा तक्ता मांडा.

नाव ठरले की घरातील सर्वांनी ते एकाच तऱ्हेने उच्चारावे असे तज्ज्ञ सांगतात. मराठी घरात हे कितपत जमेल याची मला शंका आहे. सातारच्या शाहू महाराजांच्या ज्या कुत्र्याची समाधी माहुलीस आहे, तो खंड्या. मोतीचा मोत्या होतो, तसा ताकेचा ताक्या आणि हाचीचा हाच्या आठवडाभरात होईल. जपान्यांनी तरी दुसरे काय केले? शिबुयाच्या हाचीला त्यांनी लाडाने ‘को’ जोडला, आणि जगाला तो हाचिको म्हणूनच माहीत आहे.