वारली चित्रांचं कलेक्शन करताय? मग हे वाचाच!

शहापूर-मुरबाडच्या वारली पाड्यांवरची चित्रकला कापडावर आणणाऱ्यांनो, एक सुटं चित्र म्हणजे कलेक्शन नव्हे. आधी एकच विषय धरा, समजा भातलावणी. मुख्य प्रिंटमध्ये वाकलेल्या बाया, बैल, झाडं असा भरगच्च देखावा. जोडीला त्यातलीच सोपी नक्षी आणि काठासाठी नुसत्या रेघा-त्रिकोणांची बारीक ओळ. रंग तीन-चारच, पण सगळ्या प्रिंटमध्ये तेच. गेरू आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा तर हवाच!

नक्षीचे तुकडे शेजारी-शेजारी ठेवून सांधा तपासा. पांढऱ्या रेषेत जरा चूक झाली तरी गडद रंगावर ती लगेच डोळ्यात भरते.

विक्रीसाठी साडी, ओढणी, अभ्रे एकत्र मांडून फोटो काढा.

लग्नचौक मात्र उशीवर छापू नये, असं माझं ठाम मत आहे. तो सुवासिनी लग्नघराच्या भिंतीवर काढतात, त्यात पालघट देवी असते.

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. तेव्हा चित्रकाराचा मोबदला आधी ठरवा आणि त्याचं नाव लेबलवर छापा.

#वारली #शहापूर #मुरबाड