पेसमेकरची जागा लाल झाली, तर मलम लावून थांबू नका

वस्तीतल्या आरोग्य तपासणीला एक मावशी सर्वांत शेवटी आल्या. रक्तदाब बघून झाला तरी उठेनात. बाकीच्या बाया गेल्यावर त्यांनी पदर थोडा बाजूला केला आणि म्हणाल्या, "सिस्टर, मशीनच्या जागी जरा बघता का?"

पेसमेकर बसवून दीड वर्ष झाले होते. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडी तांबडी आणि पातळ झाली होती. जुन्या टाक्यांच्या एका टोकातून पू झिरपत होता. हे तीन महिने चालले होते. गोळ्यांचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असताना जागा सुकायची, बंद केल्या की पुन्हा वाहायची. मधल्या काळात घरी हळदीचा लेप सुरू होता.

"मशीन जिथे बसवलं तिथे का नाही गेलात?" आम्ही विचारले. मावशी म्हणाल्या, "पुन्हा चिरतील. पुन्हा पैसे लागतील. आणि मशीन काढलं तर मी जगणार कशी?"

मावशींचे हे तीन प्रश्न अनेक घरांतले आहेत. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर त्यांचीच उत्तरे देत आहोत.

आत नेमके काय होते?

पेसमेकर म्हणजे कातडीखाली एका कप्प्यात ठेवलेली छोटी डबी. तिच्यातून निघालेल्या तारा शिरेतून थेट हृदयात जातात. हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राची, म्हणजे आयसीडीची, रचनाही अशीच असते. इथे होणारा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जातीच्या जिवाणूंमुळे होतो. हे जिवाणू आपल्या कातडीवर एरवीही असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा नंतर जखम उघडली तर ते आत शिरतात.

शरीराच्या मांसात रक्त खेळते, म्हणून औषध तिथे पोहोचते. धातूच्या डबीत आणि तारेच्या वेष्टनात रक्त खेळत नाही. जिवाणू त्यावर चिकट थर तयार करतात आणि त्या थराआड दडून बसतात. गोळ्यांनी वरचे जिवाणू मरतात, जागा सुकल्यासारखी दिसते, पण थरातले तसेच राहतात. शिवाय तार हृदयापर्यंत गेलेली असते. तिच्या वाटेने संसर्ग रक्तात आणि हृदयाच्या झडपेपर्यंत पोहोचू शकतो. तेव्हा दुखणे जिवावर बेतते.

ही लक्षणे ओळखा

- यंत्राच्या जागी लाली, गरमपणा, सूज किंवा दुखणे
- टाक्यांतून पाणी किंवा पू येणे
- कातडी पातळ होणे, डबीची कड दिसू लागणे, डबी कातडीला चिकटणे
- थंडी वाजून येणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा ताप, वजन घटणे, गळून जाणे

शेवटचे लक्षण फसवे आहे. बाहेरून जागा अगदी स्वच्छ दिसते आणि संसर्ग तारेवर असतो. असा रुग्ण मलेरिया, टायफॉइड म्हणून औषधे घेत राहतो. म्हणून तापासाठी कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पहिले वाक्य हेच असू द्या: "मला पेसमेकर आहे." संसर्ग यंत्र बसवल्यानंतर काही वर्षांनीही होऊ शकतो. बॅटरी संपल्यावर यंत्र बदलतात, तेव्हा हा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार आणि रक्त पातळ करणारी औषधे असणाऱ्यांनी अधिक जपावे.

दोन गोष्टी मात्र होऊ देऊ नका. सुजलेल्या जागी सुई घालून पू किंवा पाणी काढू देऊ नका, कारण त्याने बाहेरचे जंतू आत जातात. आणि ब्लड कल्चरसाठी रक्त घेण्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नका. निदान दोन वेळा रक्त घेतले जाते. औषध आधी पोटात गेले, तर कोणता जंतू आहे हे कळणे अवघड होते. रुग्ण अत्यवस्थ असेल तर डॉक्टर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतात.

पुन्हा चिरावे लागते का?

होय, लागते. शस्त्रक्रियेनंतर लगेच फक्त वरच्या टाक्यापुरता संसर्ग असेल आणि कप्प्याला झळ लागली नसेल, तर सात ते दहा दिवसांच्या गोळ्यांनी भागू शकते. संसर्ग कप्प्यात किंवा तारेवर पोहोचला असेल, तर डबी आणि सगळ्या तारा काढाव्या लागतात. अमेरिकेतील हार्ट रिदम सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शनात हे स्पष्ट आहे. निदान झाल्यावर शक्यतो तीन दिवसांत यंत्र काढावे, असे युरोपीय तज्ज्ञांनी २०२० मध्ये सांगितले आहे.

त्याआधी अन्ननलिकेतून नळी घालून इको करतात, म्हणजे तारेवर किंवा झडपेवर गाठ आहे का ते दिसते. नवीन तार सहज निघते. वर्षापेक्षा जुनी तार शिरेला आणि हृदयाला चिकटलेली असते. ती खास नळ्यांनी, कधी लेसरने, सोडवावी लागते. शीर किंवा हृदय फाटण्याचा धोका असतो, म्हणून हे काम हृदयाच्या शस्त्रक्रियेची सोय तयार असलेल्या ठिकाणीच व्हावे. अनुभवी हातांत गंभीर गुंतागुंत शंभरात एक-दोघांना होते. "तुमच्याकडे अशा तारा किती जणांच्या काढल्या?" हे विचारायला संकोच करू नका. तो रुग्णाचा हक्क आहे.

यंत्र निघाल्यावर शिरेतून औषधे चालतात. संसर्ग कप्प्यापुरता असेल तर साधारण १० ते १४ दिवस, रक्तात असेल तर किमान दोन आठवडे, झडपेवर असेल तर चार ते सहा आठवडे. बरे वाटले म्हणून मध्येच घरी जाऊ नका.

मशीन काढल्यावर जगणार कशी?

ज्यांचे हृदय यंत्राशिवाय चालत नाही, त्यांच्या गळ्याच्या शिरेतून तात्पुरती तार घालून ती बाहेरच्या पेसमेकरला जोडतात. हृदय एक दिवसही वाऱ्यावर सोडत नाहीत. नवीन यंत्र बसवण्याआधी ते खरोखर हवे आहे का, हे पुन्हा तपासतात. काही रुग्णांना ते परत लागतच नाही. लागलेच तर रक्त किमान ७२ तास जंतुमुक्त असल्याची खात्री करून, शक्यतो दुसऱ्या बाजूला बसवतात.

आणि पैसे?

भरती होतानाच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा आणि यातला कोणता उपचार योजनेत बसतो ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांकडे अर्ज करा. रेशन कार्ड, आधार कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, यंत्राचे ओळखपत्र आणि जुने डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत कायम तयार ठेवा.

मावशींना आम्ही दुसऱ्याच दिवशी घेऊन गेलो. आधी रक्त घेतले, मग औषध सुरू झाले. यंत्र आणि दोन्ही तारा निघाल्या. काही दिवस त्या बाहेरच्या पेसमेकरवर होत्या, मग उजव्या बाजूला नवीन यंत्र बसले. आता त्या तपासणीला पहिल्या रांगेत असतात.

त्यांचे तीन महिने वाया गेले, कारण जागा छातीवरची, दाखवायची लाज. आणि मुलगा आधीच कर्जात, मग सांगायचे कसे? आपल्या घरांतल्या बाया दुखणे असेच पदराखाली झाकतात. घरात कोणाला पेसमेकर असेल, तर आज उजेडात ती जागा एकदा बघा. विचारल्याशिवाय त्या सांगणार नाहीत.