पाचशेचा स्टॅम्प म्हणजे करार नव्हे

“स्टॅम्पवर लिवून घेतलं ना भाऊ, मंग काह्याचं भेव?” पातुरात घर बांधायला काढलेल्या माणसाशी ठेकेदाराचा विषय काढला की हे वाक्य हमखास येतं. आयुष्यभराची पुंजी लावणारी माणसं एका कागदाच्या भरवशावर इतकी निर्धास्त होतात, आणि त्या कागदावर लिहिलंय काय, हे कोणी वाचत नाही. याचा मला राग येतो.

स्टॅम्प पेपर ही सरकारला मुद्रांक शुल्क भरल्याची खूण आहे. करार ठरतो तो 1872 च्या भारतीय करार कायद्याने. सज्ञान माणसांची मोकळी संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश, हे त्याच्या दहाव्या कलमाचं मागणं. स्टॅम्पचं नाव तिथे नाही. तोंडी करारसुद्धा करारच असतो, सिद्ध करताना मात्र दमछाक होते. कागदावर स्टॅम्प नसला, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 34 प्रमाणे तो पुराव्यात घेत नाहीत. शुल्क आणि दंड भरला की घेतात. स्टॅम्प नसणं हा भरून काढता येणारा दोष आहे, त्याने करार रद्दबातल होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 13 डिसेंबर 2023 रोजी स्पष्ट केलं आहे.

म्हणून शुल्क बुडवा असं कोणी समजू नये. ऑक्टोबर 2024 पासून शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प आला, पण पाचशेचा घेतला की कितीही मोठ्या कामाला पुरतो, हेही खरं नाही. बांधकामाच्या ठेक्यासाठी अधिनियमाच्या अनुसूचीत अनुच्छेद 63 वेगळा आहे आणि मोठ्या कामाचं शुल्क रकमेप्रमाणे वाढतं.

आता कागदाच्या आत बघू. “सर्व बांधकाम मटेरियलसह, अमुक रुपये फूट” एवढी एक ओळ, खाली दोन सह्या. फूट म्हणजे कुठलं? स्लॅबचं क्षेत्रफळ की आतलं? जिना, छज्जा, पॅरापेट, सेप्टिक टँक त्यात धरले की नाही? आपल्या काळ्या मातीत पायव्याची खोली खोदल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पक्का थर लागेपर्यंत खाली जावंच लागतं. जादा खोदाईचे पैसे कोण देणार, हे लिहिलेलं नसेल तर भांडण जोत्यापासूनच सुरू होतं.

प्लास्टरचं उदाहरण घ्या. मालक म्हणतो, दारं-खिडक्या दोन्ही बाजूंनी वजा करा. मिस्त्री म्हणतो, काहीच वजा करायचं नाही. मोजमापाचं भारतीय मानक आयएस 1200 सांगतं: दोन्ही बाजूंना प्लास्टर असलेल्या भिंतीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीची वजावट नाही, त्यापुढे 3 चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट, त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंची, मात्र कडांचं प्लास्टर वेगळं मोजून मिळवायचं. तीन बाय सातची 5 दारं आणि चार बाय चारच्या 6 खिडक्या धरल्या तर 201 चौरस फूट वजा होतात. मालकाच्या हिशोबाने 402, मिस्त्रीच्या हिशोबाने शून्य. चार ब्रासचा हा वाद “मोजमाप आयएस 1200 प्रमाणे” एवढ्या चार शब्दांनी मिटला असता.

छापील करारनामे असतात ते यासाठी. सार्वजनिक बांधकाम विभागाचे बी-1 आणि बी-2 नमुने घ्या: पहिल्यात अंदाजपत्रकावर टक्के कमी-जास्त सांगतात, दुसऱ्यात प्रत्येक बाबीचा वेगळा दर. खासगी कामासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचा नमुना आहे. “हे मोठ्या शहरातल्या टॉवरसाठी, आपल्या दोन खोल्यांना कशाला?” असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं आहे की शहरातल्या बिल्डरकडे वकील असतो, तुमच्याकडे नसतो. छापील नमुन्याची गरज तुम्हालाच जास्त.

पैशाचंही तेच. आठवड्याच्या उचलीवर काम चालतं आणि स्लॅब पडेपर्यंत उचल कामाच्या पुढे गेलेली असते. महारेराच्या नमुना करारात फ्लॅट घेणाऱ्याकडून जोता पूर्ण होईपर्यंत जास्तीत जास्त 45 टक्के, सगळे स्लॅब होईपर्यंत 70 टक्के घेता येतात. शेवटचे 5 टक्के ताबा देताना. त्यात जमिनीची किंमतही असते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे ठेकेदाराला लावू नका. पद्धत मात्र उचला: आधी टप्पा पूर्ण, मग पैसे, आणि शेवटची रक्कम आपल्या हातात.

काही गैरसमज थोडक्यात.

“नोटरी केलं म्हणजे रजिस्टर झालं.” नाही. नोटरीसमोर सही साक्षांकित होते. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, आणि निव्वळ बांधकामाच्या ठेक्याला ती सक्तीची नाही.

“आर्किटेक्टने चालू बिलावर सही केली, म्हणजे काम पास.” सरकारी करारांत चालू बिलाची रक्कम अंतिम बिलापोटी दिलेली आगाऊ रक्कम समजली जाते. खराब काम नंतरही काढून पुन्हा करून घेता येतं.

“घरकुल ठेकेदारालाच द्यावं लागतं.” ग्रामीण आवास योजनेत सरकारने ठेकेदार नेमायचा नसतो, हप्ते लाभार्थ्याच्या खात्यात येतात.

“ठेकेदार अर्धवट सोडून गेला तर रेरात जाऊ.” स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधलेलं घर रेरात येत नाही. त्यासाठी अकोल्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये घरबांधणी ‘सेवा’ म्हणून नमूद आहे, आणि 50 लाखांपर्यंत मोबदला दिलेली तक्रार जिल्हा आयोगात चालते. तिथे करारासोबत दिलेल्या पैशांच्या सह्या केलेल्या पावत्या लागतात, म्हणून प्रत्येक उचलीला तारीख, टप्पा आणि सही घेत चला.