मॉरिशसच्या किनाऱ्यावरील घर

बियाण्यांच्या अथवा पोलादाच्या व्यापारात चार पैसे गाठीशी बांधलेल्या नवीन जालन्यातील गृहस्थाने, जेथे मराठी कुटुंबे एकोणिसाव्या शतकापासून नांदत आहेत त्या मॉरिशस बेटावर, एखाद्या नव्या वसाहतीत घर घेण्याचे मनात आणल्यास, त्याने समुद्राआधी दस्तऐवज पाहावेत. भरतीरेषेपासून आत ८१.२१ मीटरांचा ‘पा जेओमेत्रिक’ नामक पट्टा मुख्यतः सरकारी मालकीचा असून त्यावर बहुधा भाडेपट्टाच मिळतो. सबब, दलाल ‘पायरीखाली लाटा’ म्हणू लागला की जमिनीचा हक्क प्रथम तपासावा. परकीयांस घरखरेदी सामान्यतः २०१५ च्या मालमत्ता विकास योजनेसारख्या मंजूर प्रकल्पांतच करता येते. तेथे ३,७५,००० डॉलरांच्या खरेदीवर वास्तव्याचा परवाना मिळतो खरा. परंतु रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका व्यक्तीस आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच बाहेर धाडता येत असल्याने बहुधा पतिपत्नींस रक्कम एकत्र करावी लागते. अपूर्ण इमारतीचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार द्यावयाचे असतात, आणि खरेदीखत करणारा नोटरी हा, आपल्याकडे कचेरीबाहेर बसून शिक्का उमटविणाऱ्या नोटरीसारखा नसून, फ्रेंच परंपरेतील जबाबदार विधिज्ञ असतो. बांधकाम पुरे करण्याची विकासकाची आर्थिक हमी या नोटरीकडून तपासून घेतल्यावाचून इसाराची रक्कम देऊ नये.